प्रतिकारशक्ती किती कमी केली, हे कोण मोजणार?

प्रतिकारशक्ती वाढवण्याचे औषध मागायला माझ्या दवाखान्यात रोज कोणी ना कोणी येते. २०२० च्या कोरोनाच्या साथीनंतर तर हा शब्द घराघरांत पोचला. काढे, चूर्णे, सरबते, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, सगळ्यांवर तोच शब्द छापलेला असतो. आज या सदरात मी नेमके उलट लिहिणार आहे. हीच शक्ती मुद्दाम, हजारो रुपये खर्चून, इंजेक्शने देऊन खाली आणावी लागते, असे रुग्ण आपल्या गावातही आहेत. पूर्वी असा पेशंट वर्षा-दोन वर्षांतून एखादा दिसे. आज माझ्या एकट्याच्या दवाखान्यात चार जण येतात.

त्यातल्या एकाची हकीगत सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. गृहस्थ एसटीत वाहक, वय बेचाळीस. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने दोन वर्षे डायलिसिसवर काढली. शेवटी थोरल्या बहिणीने आपले एक मूत्रपिंड दिले आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयात रोपण झाले. दहाव्या दिवशी शरीराने ते परके मूत्रपिंड नाकारायला सुरुवात केली. स्टिरॉइडने भागेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एटीजी नावाची इंजेक्शने दिली. मूत्रपिंड वाचले आणि महिन्याभराने गृहस्थ गावी परतले.

तिसऱ्या महिन्यात ते माझ्याकडे आले. बारीक ताप, पातळ जुलाब, अन्नावर वासना नाही. मी रक्त तपासून घेतले. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी ७८०० होत्या. कुठल्याही धडधाकट माणसाचा असावा तसा आकडा. "काउंट नॉर्मल आहे, काळजी करू नका," असे म्हणून मी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. कागद त्यांच्या पत्नीच्या हातात होता. त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्यांच्या कागदावर लिम्फोसाइट तीन लिहिलंय, ते बरोबर आहे का? तिकडे सिस्टर रोज तोच आकडा वहीत उतरवून घ्यायच्या."

मी कागद पुन्हा हातात घेतला. लिम्फोसाइट ३ टक्के. ७८०० चे ३ टक्के म्हणजे २३४. निरोगी मोठ्या माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात लिम्फोसाइट साधारण १००० ते ४००० असतात. एकूण आकडा चांगला दिसत होता तो स्टिरॉइडमुळे. ते औषध दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, म्हणजे न्यूट्रोफिलची संख्या रक्तात फुगवते. घर भरलेले दिसावे आणि कमावती माणसे त्यात नसावीत, तसा तो रिपोर्ट होता. या गृहस्थांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी हे एटीजी काय आहे ते समजून घेऊ. कारण ज्या बाईंना शाळेनंतर शास्त्राचे पुस्तक पाहायला मिळाले नाही, त्यांना जे समजले होते ते त्या दिवशी मला सुचले नाही.

सर्पदंशावरचे औषध कसे तयार होते हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे ते शाळेतल्या पोरालाही माहीत असते. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचायचे. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग घोड्याचे रक्त काढून त्यातला रक्तरस शुद्ध करायचा. एटीजीची रीत तीच आहे, फक्त विषाच्या जागी माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी टोचतात. ही ग्रंथी छातीच्या हाडामागे असते आणि लहानपणी मोठी असते. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत तिचा काही भाग काढावा लागतो, तो या कामी येतो. घोडा किंवा ससा त्या पेशींना शत्रू समजतो आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतो. हा रक्तरस माणसाच्या शिरेत सोडला की ती प्रतिपिंडे लिम्फोसाइटना जाऊन चिकटतात. काही पेशी तिथल्या तिथे फुटतात, उरलेल्यांना यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. परक्या अवयवावर हल्ला चढवणारे मुख्य सैन्य म्हणजे याच पेशी. त्या घटल्या की मूत्रपिंडाला उसंत मिळते.

प्रश्न येतो तो डोसाचा. साखरेचे औषध साखर मोजून देता येते, रक्तदाबाचे औषध दंडाला पट्टा बांधून देता येते. प्रतिकारशक्ती किती खाली आली हे कशाने मोजायचे? कमी पडली तर बहिणीने दिलेले मूत्रपिंड जाते. जास्त झाली तर एरवी आपल्या अंगात निमूट झोपलेले जंतू उठतात, आणि पुढे काही वर्षांनी विशिष्ट प्रकारचा कर्करोगही होऊ शकतो. आम्ही एमबीबीएसला असताना या औषधावर पुस्तकात दोन-चार ओळी होत्या आणि मोजमापावर एकही नव्हती. तेव्हा आमच्यापैकी कुणाला त्याची गरजही वाटली नाही, हेही खरे.

खरे म्हणजे हा मोजमापाचा झगडा औषधाइतकाच जुना आहे. लिम्फोसाइटविरुद्धचा असा रक्तरस मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८९९ मध्येच तयार केला होता. पण तेव्हा अवयवरोपण नव्हते, त्यामुळे त्याचा उपयोग कुणाला दिसला नाही. १९६३ मध्ये एडिंबरोला वूडरफ आणि अँडरसन यांनी उंदरांच्या मोठ्या जातीवर, ज्याला आपण घूस म्हणण्याइतपत मोठा उंदीर म्हणू, तो रक्तरस वापरला, तेव्हा त्यांच्या अंगावर लावलेली परकी कातडी जास्त दिवस टिकली. १९६६ मध्ये नोबेल विजेते मेडावर आणि त्यांचे सहकारी लेव्ही यांनी लहान उंदरांवर तेच दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेत डेन्व्हर इथे स्टार्झल यांनी घोड्याचा रक्तरस मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली.

आणि लगेच पंचाईत झाली. एका घोड्याचा रक्तरस दुसऱ्यासारखा नसे. मग त्याची ताकद ठरवायची कशी? पहिली पद्धत परीक्षानळीतली. रक्तरस दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत जायचा आणि प्रत्येक नळीत जिवंत लिम्फोसाइट घालायच्या. वरून निळा रंग टाकायचा. मेलेली पेशी रंग शोषून निळी होते, जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही. किती पातळ करूनही पेशी मरतात, ती त्या रक्तरसाची ताकद. हिशेब स्वच्छ होता, पण प्रत्यक्षात चुकत होता. नळीत भरपूर पेशी मारणारा रक्तरस प्राण्यात लावलेली कातडी टिकवीलच असे दिसेना. नळीत यकृत नसते, प्लीहा नसते. शिवाय त्या रक्तरसातली काही प्रतिपिंडे भलत्याच पेशींना चिकटत. त्यामुळे शेवटी माकडांवर परकी कातडी लावून ती किती दिवस टिकते ते मोजण्यापर्यंत मजल गेली. ही परीक्षा खरी होती, पण खर्चिक आणि वेळखाऊ. आणि ती औषधाच्या बाटलीची परीक्षा होती, खाटेवरच्या माणसाची नव्हे.

माणसाची परीक्षा करण्याची युक्ती १९७० च्या दशकात आली आणि ती मला अजूनही फार आवडते. माणसाच्या टी प्रकारच्या लिम्फोसाइट मेंढीच्या तांबड्या पेशींत मिसळल्या की त्या तांबड्या पेशी लिम्फोसाइटभोवती पाकळ्यांसारख्या चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुले उमलल्यासारखी दिसतात. रुग्णाच्या रक्तात आज किती फुले दिसली, काल किती होती, यावरून इंजेक्शनचा डोस कमी-जास्त करू लागले. पुढे १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची, एकाच खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे बनवण्याची रीत शोधली, तेव्हा मेंढीची गरज उरली नाही. टी पेशीच्या अंगावर सीडी३ नावाची खूण असते. तिला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग लावायचा आणि पेशी एकामागून एक लेसरच्या झोतासमोरून पळवायच्या. काही मिनिटांत हजारो पेशींची मोजदाद होते. याला फ्लो सायटोमेट्री म्हणतात.

मोजण्याचा फायदा काय, हे ओकेटी३ या औषधाने चांगले दाखवले. हे उंदरापासूनचे, थेट सीडी३ वर बसणारे प्रतिपिंड. अमेरिकेत त्याला १९८६ मध्ये परवानगी मिळाली. माणसावर वापरायला मान्यता मिळालेले त्या प्रकारचे ते पहिलेच औषध. ते दिले की तासाभरात रक्तातल्या सीडी३ पेशी दिसेनाशा होत. पण काही रुग्णांत औषध चालू असतानाच आकडा पुन्हा चढायला लागे. रुग्णाचे शरीर त्या उंदराच्या प्रतिपिंडाविरुद्धच प्रतिपिंड बनवू लागल्याची ती खूण असे. रोज मोजणाऱ्याला ती कळे. न मोजणारा मात्र निरुपयोगी झालेले औषध शिरेत सोडत राही. ओकेटी३ आता बाजारात नाही, पण तो धडा राहिला.

आज सशाचे एटीजी वापरणारी अनेक केंद्रे सीडी३ पेशींचा आकडा पाहून पुढचा डोस ठरवतात. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी हजाराच्या आसपास असतात. उपचारात त्या वीस-पन्नासाच्या खाली ठेवतात. नेमकी मर्यादा केंद्रागणिक बदलते. आकडा आधीच खाली असेल तर त्या दिवशीची कुपी वाचते. ज्यांनी महागड्या कुपीसाठी जमीन गहाण टाकली, त्यांना एक कुपी वाचणे म्हणजे काय ते विचारा. तपासणीचा खर्च त्या कुपीच्या किमतीचा लहानसा भाग असतो. तरीही "तपासण्याच फार सांगतात" अशी तक्रार याच तपासणीबद्दल मी नातेवाइकांकडून ऐकली आहे. एरवी त्या तक्रारीत तथ्य असते. इथे नाही.

आता दुसरी बाजू. आकडा म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीच्या गाठींत, प्लीहेत, आतड्यांच्या भिंतीत बसलेल्या असतात. रस्त्यावरची गर्दी मोजून गावाची लोकसंख्या सांगण्यातला हा प्रकार आहे. याचा सर्वांत मोठा पुरावा २०११ साली मिळाला. ॲप्लास्टिक ॲनिमिया नावाचा एक आजार असतो. त्यात लिम्फोसाइट आपल्याच अस्थिमज्जेवर उलटतात आणि नवे रक्त तयार होणे थांबते. त्यावरही एटीजी देतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १२० रुग्णांवर प्रयोग केला, निम्म्यांना घोड्याचे एटीजी, निम्म्यांना सशाचे. सशाचे औषध लिम्फोसाइट जास्त प्रमाणात आणि जास्त काळ खाली आणते, म्हणून तेच सरस ठरेल असा अनेकांचा कयास होता. झाले उलटे. सहा महिन्यांनी घोड्याच्या औषधाने ६८ टक्के रुग्ण सुधारले होते, सशाच्या औषधाने ३७ टक्के. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ९६ आणि ७६ टक्के होते. ज्या औषधाने आकडा जास्त पाडला, त्याने माणसे कमी वाचली.

म्हणून युरोपात सध्या एक वेगळीच मोजपट्टी तपासून पाहत आहेत. टॉर्क टेनो नावाचा एक विषाणू बहुतेक माणसांच्या रक्तात असतो आणि त्याने कोणताही आजार होत असल्याचे आढळलेले नाही. प्रतिकारशक्ती दबली की त्याची संख्या वाढते, ती सावरली की घटते. शिपायांची डोकी मोजण्याऐवजी चोर किती माजलेत ते पाहावे, असा तो विचार आहे. मला तो पटतो. पण तो आपल्या जिल्ह्यापर्यंत यायला अवकाश आहे, आणि तोवर हातात जे आहे ते तरी नीट वाचले पाहिजे.

माझी तक्रार इथेच आहे, आणि तिच्यात मी स्वतःलाही धरतो. मोठ्या रुग्णालयात रुग्ण असतो तोवर त्याच्या एकेका पेशीचा हिशेब ठेवला जातो. तो घरी निघाला की हिशेबाची वही तिथेच राहते. आमच्याकडे येते ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर गोळ्यांची यादी असते, जेवणाचे पथ्य असते. एटीजी दिले होते का, घोड्याचे की सशाचे, किती दिवस, शेवटचे कधी आणि घरी जाताना लिम्फोसाइट किती होत्या, हे बहुतेक वेळा नसते, किंवा चौथ्या पानावर बारीक अक्षरांत असते. वास्तविक या पेशी लगेच भरून येत नाहीत. सशाच्या औषधानंतर त्यांतल्या सीडी४ प्रकारच्या पेशी वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ कमी राहतात. म्हणजे औषधाचा अंमल असतो तो बहुतांश काळ रुग्ण आमच्या गावात असतो.

आणखी एक उदाहरण. घोडा-सशाच्या रक्तरसामुळे काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी होते. सर्पदंशाच्या औषधानंतरही आपण हे पाहतो. आता पावसाळ्यात ताप, पुरळ आणि सांधेदुखी घेऊन कोणी आला, तर तालुक्याचा डॉक्टर काय म्हणेल? चिकुनगुन्या! त्याला दोष देता येणार नाही, त्याला कुणी काही कळवलेलेच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रोपण करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, हे चार-पाच तपशील आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा. याला पैसे लागत नाहीत.

गावातल्या लॅबवाल्यांनाही एक विनंती. टक्केवारीच्या शेजारी लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्याही छापावी. आजच्या बऱ्याच यंत्रांत ती आपोआप निघते, पण रिपोर्टच्या जुन्या नमुन्यात रकाना नाही म्हणून छापली जात नाही. आणि सरकारला विनंती अशी, की एचआयव्हीच्या कार्यक्रमामुळे २००४ नंतर सीडी४ पेशी मोजण्याची सोय हळूहळू जिल्ह्यांपर्यंत आली. तेच तंत्र मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या टी पेशी मोजू शकते. मग तेवढ्यासाठी त्याने दोनशे किलोमीटर का जावे? कार्यक्रम वेगळा, निधी वेगळा, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. अंगात ताप असताना पहाटेच्या गाडीत बसणाऱ्याला ते पटवून देणे अवघड आहे.

राहता राहिले नातेवाईक. त्यांचा जीव तुटतो हे मी समजू शकतो. रोपणानंतर माणूस खंगलेला दिसतो, मग कोणी गुळवेलीचा काढा आणते, कोणी परदेशी पावडरचा डबा. अशा औषधाने प्रतिकारशक्ती खरोखर वाढत असेल, तर या रुग्णाला नेमके तेच नको आहे. वाढत नसेल, तर पैसे पाण्यात गेले. दोन्हीकडून तोटा. रोपणतज्ज्ञाला विचारल्याशिवाय त्याला काहीही देऊ नका. जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लशी त्याला चालत नाहीत, हे कुठल्याही लसीकरणाच्या वेळी सांगायला विसरू नका. आणि त्याला ताप आला तर 'उद्या बघू' म्हणू नका. ज्याच्या अंगात लढणारेच कमी आहेत त्याला ताप फणफणत नाही, बारीकच येतो. त्या बारीकपणावर मी फसलो.

तर त्या वाहकांचे पुढे असे झाले. दारातून परत आलेल्या बाईंसमोरच मी शहरातल्या तज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, ताप किती दिवस आहे आणि लिम्फोसाइट किती. संध्याकाळच्या गाडीने पेशंटला पाठवून दिले. तपासणीत सायटोमेगॅलो विषाणू निघाला. हा आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गप्प बसलेला असतो. यांच्या आतड्यात तो जागा झाला होता. माझ्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी त्याचे काहीही वाकडे झाले नसते आणि ते पाच दिवस मात्र वाया गेले असते. शिरेतून औषध द्यावे लागले, काही गोळ्यांचे प्रमाण उतरवावे लागले. मूत्रपिंडाला थोडा मार बसला, क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा किंचित वर राहिले. पण मूत्रपिंड चालू आहे. या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. गृहस्थ कामावर रुजू झाले आहेत. गर्दीच्या गाडीऐवजी डेपोत टेबलाचे काम मिळाले आहे.

त्यांच्या पत्नी दर महिन्याला रिपोर्ट घेऊन येतात. एका शाळकरी वहीत तारीख, एकूण पेशी, टक्के असे रकाने आखले आहेत आणि चौथ्या रकान्यात गुणाकार करून आलेली संख्या. गुणाकार त्या घरीच करून आणतात, मी फक्त तपासतो. गेल्या महिन्यात तिथे ९४० लिहिले होते.